मामलेदाराला दिवाळीपर्यंत मारू नका

“‘मामलेदाराला आत्ताच मारू नका. दिवाळीपर्यंत जिवंत ठेवा. लोकांची मने अजून तयार झालेली नाहीत.’”

फौजदार सुर्वे आमच्या ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून पत्र मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता एका पायाने झोपाळा हलवत होते, आणि प्रत्येक झोक्याला कडी कुरकुरत होती. हे समोर जाजमावर बसले होते. मी आणि सासूबाई माजघराच्या दाराआड.

“‘पुलावर न मारता होडीत मारण्याचा आपला नवा बेत मला पसंत आहे. होडीतच मारावे. पाण्यात काम झाले म्हणजे कोणाचा हात होता ते शेवटपर्यंत उघड होत नाही. सगळा माल श्रावणापूर्वी हाती यावा. आपला, मोरोबा विजयकर.’” फौजदारांनी कागदाची घडी घातली. “मास्तर, हे काय आहे?”

“कादंबरी,” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“मी कादंबरी लिहितोय. मोरोबा विजयकरांचा मुंबईत छापखाना आहे, ते ‘वाग्विहार’ म्हणून मासिक काढतात. त्यात ती दर महिन्याला थोडी थोडी यायची आहे. मामलेदार हे तिच्यातलं एक पात्र.”

“आणि माल?”

“माल म्हणजे प्रकरणं.”

“कसली प्रकरणं?”

एरवी ह्या प्रश्नावर हे पोट धरून हसले असते. त्या दिवशी नुसते जाजमाकडे बघत राहिले. मला दाराच्या फटीतून त्यांची मान दिसत होती, आणि मानेवरून घाम खाली सदऱ्यात उतरत होता.

आज हे सांगताना तुम्हाला त्यातली गंमतच आधी दिसेल. पण तो काळ तसा नव्हता. राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव नुकताच होऊन गेला होता, आमच्या कोंढरीच्या कचेरीवरची तोरणं अजून उतरली नव्हती, आणि महोत्सवाच्याच दिवशी पुण्यात गोऱ्या अंमलदारांवर कोणी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर सगळ्या मुलखाचं वारंच फिरलं. कुठे कोणाच्या घराची झडती, कुठे कोणाला बेडी. पत्रं फोडली जात होती. लोक रस्त्यात दोन माणसांपेक्षा जास्त थांबेनासे झाले. आणि अशा दिवसांत मोरोबांनी हे पत्र टपालात टाकलं होतं. आपल्या लेखकाला कादंबरी लांबवायला सांगताना त्या बिचाऱ्याला कसली शंका येणार?

“बरं,” फौजदार म्हणाले. “कादंबरी आहे ना? दाखवा. मी वाचतो, जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांना सांगतो, मिटलं.”

ह्यांनी उपरण्याने मान पुसली. मग म्हणाले, “इथे नाही. मुंबईला पाठवली.”

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. कारण कादंबरी आत होती, तांदळाच्या कणगीमागे, लाल फडक्यात बांधलेली. ती तिथे मीच ठेवली होती. ह्यांचं अक्षर इतकं वाईट की मोरोबांच्या छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार हात टेकायचे. म्हणून सगळी शुद्ध प्रत माझ्या हातची असे. लग्न झाल्यावर ह्यांनी मला लिहायला शिकवलं ते एवढ्यासाठीच, असं सासूबाई चारचौघींत म्हणायच्या.

हे खोटं का बोलले ते मला तेव्हाच कळलं. कादंबरी दाखवली असती तर हे सुटले नसते. उलट पुरते अडकले असते.

आमच्या कोंढरीला तेव्हा एक मामलेदार होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. करड्या घोडीवरून फिरायचे, घडोघडी तपकीर ओढायचे. आदल्या वर्षी प्लेगची हूल उठली तेव्हा खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात त्यांनी झोपड्या जाळायचा हुकूम दिला. तिथे एकाला ताप होता, तो साधा हिवताप निघाला. पण तोवर झोपड्या गेल्या होत्या, भात गेलं होतं, आणि धोंडू तरीवाल्याची होडीसुद्धा पेटवून दिली होती. धोंडू आडवा आला, तर त्याला कचेरीच्या आवारात बांधून मारलं. चार दिवसांनी तो गेला. त्याची बायको चांगुणा आमच्याकडे मासळी घेऊन यायची. नवऱ्याचं झाल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा मागच्या दारी टोपली ठेवून नुसती बसून राहिली. तिला काही विचारायचं धाडस मला झालं नाही. ह्यांनी मात्र विचारलं. तिच्याशेजारी पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं. त्याच महिन्यात ह्यांनी कादंबरी लिहायला घेतली.

तिच्यात सगळं होतं. करडी घोडी होती, तपकीर होती, रावसाहेब संध्याकाळी कुठल्या रस्त्याने फिरायला जातात तेही होतं. आणि शेवटी तरीवाल्याची विधवा मामलेदाराला होडीत घेते आणि भर खाडीत होडी उलटी करते. अशी कादंबरी पोलिसांच्या हातात द्यायची म्हणजे कटाचा नकाशाच आपल्या हाताने द्यायचा.

“मुंबईहून मागवू मग,” फौजदार उठले. “तोवर मास्तर, तुम्ही आमचे पाहुणे. पायात घाला.”

हे वहाणा घालताना एकदा दाराकडे बघून गेले. ओटीवर एक शिपाई बसवून फौजदार त्यांना घेऊन गेले.

शिपायाची पाठ दिसताच सासूबाई मला ओढत न्हाणीघरात घेऊन गेल्या. “आण ते बाड. आत्ताच्या आत्ता चुलीत घाल.”

“आई, ते जाळलं तर कादंबरी होती हे कशावरून दाखवणार?”

“आणि ठेवलं तर? माझ्या मुलाला अंदमानला धाडतील गं!” त्या बाईला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही रडल्या त्या उभ्यानेच. “फाशी देतील,” त्या पुटपुटल्या आणि आपणच आपल्या तोंडावर हात ठेवला.

बाड तिथेच राहिलं. ठेवायचं धैर्य होतं म्हणून नव्हे. त्याला हात लावायचं धैर्य नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार पुन्हा आले. ह्या वेळी झोपाळ्यावर बसले नाहीत. शिपायाला पाणी आणायला विहिरीवर पाठवलं आणि दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, मुंबईहून तार आली. विजयकर म्हणतात, अशी कादंबरी आमच्याकडे आलेलीच नाही.”

मोरोबांचा तरी काय दोष? खरं तेच सांगितलं त्यांनी.

“मास्तर खोटं बोलले हे साहेबांना कळलंय,” फौजदार म्हणाले. “साहेब उद्या दुपारी कोंढरीला येणार. वहिनी, मला तीन मुली आहेत, आणि तिघींना मास्तरांनी शिकवलंय. घरात पुस्तक असेल तर आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या. रावसाहेब वाचून साहेबांना सांगतील. आणि नसेल तर...”

“रावसाहेब वाचणार?” सासूबाईंनी विचारलं.

“साहेबांना बोलता येतं, पण पुस्तकी मराठी कुठे वाचता येते? ते काम रावसाहेबांचंच.”

ते गेले आणि सासूबाई जमिनीवर बसल्या. “संपलं,” म्हणाल्या. “त्या मेल्याच्याच हातात जाणार. स्वतःला कसं बुडवलंय ते तो स्वतः वाचणार.” मग रागाने म्हणाल्या, “त्याला स्तुतीशिवाय दुसरं काही गोड लागतं का? चैत्रात कीर्तनकाराने त्याला रामचंद्राची उपमा दिली, तर अंगावरची शाल काढून दिली लेकाच्याने. आणि माझा मुलगा त्याच्याबद्दल काय लिहितो, तर...”

त्या पुढेही बोलत होत्या. पण मी उठले होते. कणगीमागचं बाड काढून फडक्याची गाठ सोडत होते.

“काय करतेस?”

“आई, शिपाई ओटीवर आहे. बोरू कुरकुरला तर त्याला ऐकू जाईल. तुम्ही स्तोत्र म्हणा. मोठ्याने म्हणा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही कळलं असेल असं वाटत नाही. पण देवासमोर जाऊन बसल्या आणि त्यांनी असा आवाज लावला की बाहेरचा शिपाईही मांडी सावरून बसला असेल.

मी मामलेदाराचं नाव गाव काही बदललं नाही. घोडी तशीच ठेवली, तपकीर ठेवली, संध्याकाळचा रस्ताही ठेवला. मोरोबांच्या पत्रात मामलेदार होता, पूल होता, होडी होती. त्यातलं एकही हलवून चालणार नव्हतं. मी फक्त माणूस बदलला. करड्या घोडीवर बसून तो आता गोरगरिबांची विचारपूस करायला जाऊ लागला. कोळीवाड्यात ताप आला तेव्हा स्वतः औषधाची बाटली घेऊन गेला. झोपड्या दरोडेखोरांनी पेटवल्या, ह्याने त्या विझवल्या. लोक त्याच्या पायाची धूळ मस्तकी लावू लागले. शेवटी दरोडेखोरांनी त्याच्या होडीला भोक पाडून ठेवलं, आणि आजारी पोराला औषध द्यायला पलीकडे जाताना तो रयतेचं नाव घेत खाडीत बुडाला.

आणि चांगुणेला काढून टाकलं. तिला ठेवायला जागाच उरली नव्हती.

मामलेदार जिथे येतो ते एकेक जुनं प्रकरण मी पुढ्यात घ्यायची, नवं लिहायची आणि जुनं, ह्यांच्या कच्च्या कागदांसकट, न्हाणीच्या चुलीत सरकवायची. ह्यांचे शब्द जळताना मी बघत नव्हते. आषाढातली दमट हवा, शाई वाळेना, म्हणून पानं त्याच चुलीच्या धगीवर धरत होते. मध्येच शिपायाने दारात येऊन प्यायला पाणी मागितलं. माझी बोटं काळी. सासूबाईंनी स्तोत्र न थांबवता हाताने खूण केली, आणि मी शेणाच्या पाटीत दोन्ही हात बुडवून बाहेर गेले. “सारवतेय,” म्हटलं. “आई देतील पाणी.” त्याने माझ्या हातांकडे पाहून नाक मुरडलं.

दिवेलागणीला सासूबाई स्वतः बाड घेऊन फौजदारांच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्हाला कचेरीत बोलावणं आलं. दोघींनाही. फौजदारांचा शिपाई म्हणाला, “पुस्तकातलं अक्षर मास्तरांचं नाही. साहेबांना संशय आलाय.”

कचेरीत बाईमाणूस जात नसे. आम्हाला दालनाच्या दाराशी, खांबाआड उभं केलं. टेबलामागे साहेब, लाल चेहऱ्याचा, हातात रुमाल. त्याच्या शेजारी रावसाहेब. त्यांच्यापुढे माझं बाड. रावसाहेबांनी आदल्या रात्री ते वाचलेलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. डोळे तांबारलेले दिसत होते. राग होता की काय होतं, देव जाणे.

मग ह्यांना आणलं. ह्यांची दाढी वाढली होती. टेबलावरचं लाल फडकं ह्यांनी पाहिलं आणि ओळखलं, तेव्हा चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, जणू कोणी फडक्याने पुसून घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. एवढं सगळं केलं आणि हे एक विसरलेच. ह्यांना काहीच माहीत नाही! ह्यांना वाटतंय, ह्या बाडात तीच कादंबरी आहे.

“मास्तर,” साहेब म्हणाला. त्याचं मराठी अडखळत चालायचं. “तुम्ही सांगितला, पुस्तक घरात नाही. हे कुठून आला? आता खरा बोलायचा. ह्या पुस्तकात मामलेदार कसा माणूस आहे?”

ह्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं. मग मान ताठ केली. ती मान मी ओळखत होते. आता सगळं गेलंच आहे तर तोंडावर सांगून टाकू, असं ह्यांनी ठरवलं होतं. ह्यांचे ओठ उघडले.

“अरे, सांग की!” सासूबाई खांबाआडून एकदम कडाडल्या. “देवमाणूस आहे म्हणून सांग! तो खाडीत बुडाला तेव्हा मी जेवले नव्हते रे!”

साहेबाने रुमाल खाली ठेवला. “ह्या बाईने बोलायचा नाही.”

“म्हातारी आहे मी, साहेब,” सासूबाई म्हणाल्या. “तोंडातून गेलं.”

साहेब ह्यांच्याकडे वळला. “तुम्ही सांगा.”

हे आमच्याकडे बघत होते. आधी आईकडे, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनी काय सांगितलं असेल, आज मलाही सांगता येणार नाही.

“आई म्हणते तसाच आहे,” ह्यांचा आवाज मला परका वाटला. “देवमाणूस.”

“मग तुम्ही त्याला का मारता? चांगला माणूस आहे तर?”

ह्याचंही उत्तर ह्यांना ठाऊक नव्हतं. कोण मारतं, का मारतं, काही नाही. मी पदर तोंडात कोंबला.

हे म्हणाले, “साहेब, मासिकाची कादंबरी आहे. चांगला माणूस मरायला टेकला की वाचक पुढचा अंक घेतात. वाईट माणूस मेला तर पुस्तक मिटून झोपतात.”

साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग एकाएकी हसला, खांदे हलवून हसला. “आमच्या देशात पण असाच! माझी आई रडत रडत पुढच्या महिन्याचा अंक मागायची.” तो रावसाहेबांना म्हणाला, “तुम्ही वाचला. यात राजद्रोह आहे?”

रावसाहेबांनी बाडावर हात ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, “राजद्रोह? छे छे. साहेब, माझ्या सगळ्या नोकरीत कोणी मला असं... म्हणजे कोणत्याही अंमलदाराला असं ओळखलेलं नाही.”

घरातलं पुस्तक का लपवलं हे साहेबाने मग पुन्हा विचारलंच नाही; अक्षराची परीक्षा तेवढी राहिली होती. मला बसायला पाट दिला, कागद दिला. मजकूर रावसाहेबांनीच सांगितला, आणि त्यासाठी बाडातलं पान त्यांना शोधावं लागलं नाही. “लिहा,” म्हणाले, “‘त्या दयाळू मुद्रेकडे पाहून रयतेला आपल्या जन्मदात्याची आठवण होई.’” मी लिहिलं. एक काना वेलांटीसारखा वळला. पण अक्षर जुळलं. संध्याकाळी हे घरी आले.

आंघोळ केली, जेवले, आणि मग बाड मागितलं. फौजदारांनी ते परत दिलं होतं. हे झोपाळ्यावर बसून वाचू लागले. मी दारात उभी होते. बुडण्याचं प्रकरण आलं तेव्हा मला कळलं, कारण झोपाळा थांबला.

“माझी तरीवाल्याची बायको कुठे आहे?” ह्यांनी विचारलं.

“न्हाणीच्या चुलीत.”

ह्यांनी पानं सारखी केली, फडकं बांधलं. “आज कचेरीत ती माणसं मला ओळखीची वाटत नव्हती,” म्हणाले. “तू नि आईसुद्धा.” पुढे कित्येक दिवस ह्यांनी माझ्या हातचं वाढलेलं जेवण खाली मान घालून जेवलं.

कादंबरी आता छापणं भागच होतं. रावसाहेब शाळेत निरोप धाडून विचारू लागले, काम कुठवर आलं. श्रावणात पहिलं प्रकरण आलं. मोरोबा अजून धसक्यात होते. त्यांची पत्रं हवापाण्यापलीकडे जात नसत. भाद्रपदात मात्र एक जाडजूड पाकीट आलं.

“‘आपल्या तालुक्याच्या मामलेदारसाहेबांचे मला पत्र आले आहे,’” हे वाचत होते. “‘कादंबरीतील मामलेदार फार लोकप्रिय झाला असून त्याला मारू नये, दीर्घायुषी करावे, अशी त्यांची इच्छा आहे. माझीही हात जोडून हीच विनंती. मारू नका. दिवाळीतच काय, कधीच मारू नका. मला बायकामुले आहेत.’”

ह्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि मला बोरू घ्यायला सांगितलं. कचेरीतल्या त्या दिवसानंतर हे पहिल्यांदाच.

“लिही. ‘सप्रेम नमस्कार. मामलेदार मरेल.’”

मी थांबले. “अहो, पत्रं अजून फोडतात.”

“लिही.”

“असं कसं लिहू? दुसऱ्या शब्दांत तरी...”

“माझं बाकी सगळं तू घेतलंस,” हे म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. “माझा जीव वाचवायला घेतलंस, ते मला कळतं. एवढं एक मला राहू दे.”

मी लिहिलं. ‘मामलेदार मरेल. दिवाळीच्या अंकात, खाडीत, माझ्या प्रतीत आहे तसाच. ह्यात काना-मात्रा बदलायचा असेल तर कादंबरी परत करावी.’ सही ह्यांनी केली. आणि ते पत्र घेऊन हे सरळ चौकीवर गेले. मी मागोमाग गेले, अंगावरच्या लुगड्यानिशी, डोक्यावरून पदर ओढून. कुंपणापाशी थांबले. ह्यांनी उघडं पत्र फौजदारांच्या हातात दिलं. “वाचा, आणि मग टपालात टाका.”

सुर्व्यांनी वाचलं. एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

“कादंबरीतलाच ना, मास्तर?”

“कादंबरीतलाच.”

फौजदारांनी ते दुमडून पाकिटात घातलं, पाकिटाच्या कडेला जीभ लावली आणि मुठीने दाबून बंद केलं.

रावसाहेबांना कळल्यावर ते रुसले. पण मोरोबांनी कसंबसं समजावलं, की वीराला मरण शोभून दिसतं. दिवाळीचा अंक आला तसा त्यांनीच हुकूम काढला की ते प्रकरण रामाच्या देवळात सगळ्यांसमोर वाचावं. वाचायला हे. रावसाहेबांना खुर्ची, बाकीचे जाजमावर, आम्ही बायका मंडपाच्या खांबांमागे. कोळीवाड्यातल्यांना बाहेर पायऱ्यांवर बसवलं होतं.

ह्यांनी फार सुरेख वाचलं. कुठे थांबावं, कुठे आवाज खाली आणावा, ह्यांना बरोबर ठाऊक होतं. पाणी होडीत शिरू लागलं तेव्हा देवळात कोणी खोकलंसुद्धा नाही. मामलेदाराच्या छातीला पाणी लागलं, गळ्याला लागलं. ह्यांनी एकेक वाक्य सुटं सुटं वाचलं. शेवटी डोक्यावरून पाणी गेलं आणि पगडी तेवढी तरंगत राहिली.

रावसाहेब डोळे पुसत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळ्या मंडपात माना खाली गेल्या होत्या, बायकांनी पदर तोंडाला लावले होते, कोणाकोणाचे खांदे हलत होते. रावसाहेबांना गहिवरून आलं. “किती प्रेमळ रयत!” ते म्हणाले.

मी खांबामागे होते. माझ्या शेजारणींचे चेहरे मला दिसत होते. कोणीही रडत नव्हतं. आत्ता एखादीला हसू फुटलं तर! पण एवढ्या बायकांत एकीनेही आवाज काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा मागच्या दारी आली. टोपली उतरवली आणि पायरीवर बसली. मासळी काढली नाही.

तिच्या नवऱ्याच्या कहाणीतून मी तिला पुसून टाकलं होतं. ज्याने त्याला मारलं त्याच्या हातात मी औषधाची बाटली दिली होती. तिने काय ऐकलं, काय कळलं, मला माहीत नव्हतं. तिच्याकडे बघायची मला भीती वाटत होती. कचेरीतही वाटली नव्हती अशी.

“बाय,” ती म्हणाली, “काल आमाला लांब बसवलं होतं. वाऱ्यानं अर्धं ऐकाला आलं नाय. त्या पुस्तकान तो मेला ना गो?”

“मेला.”

“पाण्यान?”

“हो. पाण्यात.”

तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. ओटीवरच्या झोपाळ्यावर हे होते. कुरकुर थांबली होती.

“पयलं त्याचा चांगुलपना काय काय लिवलाय तो नको,” चांगुणा म्हणाली. “बुडतो तेवढा वाच. सावकाश वाच.”

मी अंक आणायला वळले, तर हेच तो हातात घेऊन दारात उभे होते. माझ्याकडे बघून ह्यांनी अंक पुढे केला.

“तूच वाच,” म्हणाले, आणि पायरीवर तिच्या शेजारी ऐकायला बसले.